मोबाईलविना तीन रात्री, रानात

निघण्यापूर्वी

मोबाईल सोडून रानात जायचं म्हटलं की लोक मनाची तयारी करायला लागतात आणि सामानाची विसरतात. मग पहिल्याच संध्याकाळी कुणाकडे टॉर्च नसतो, कुणाला किती वाजले ते कळत नाही, कुणाला घरचा नंबर पाठ नसतो, आणि फोन हवाच होता यावर सगळ्यांचं एकमत होतं. म्हणून निघण्याच्या दोन दिवस आधी गटातल्या प्रत्येकाला एकच काम दिलं होतं: दिवसभरात फोन कशाकशासाठी हातात घेतला ते कागदावर लिहायचं आणि त्यासमोर ते काम करणारी दुसरी वस्तू लिहायची.

याद्या जवळपास सारख्याच निघाल्या. वेळेसाठी साधं मनगटी घड्याळ, आणि सगळ्यांत मिळून एक गजराचं घड्याळ. उजेडासाठी कपाळावर बांधायचा, लाल दिव्याची सोय असलेला टॉर्च आणि जादा सेल. वाटेसाठी पारदर्शक पिशवीत घातलेला छापील नकाशा आणि होकायंत्र. तिकिटांच्या छापील प्रती, रोख पैसे आणि त्यात सुटे जास्त. एका जाड कार्डावर पाच-सहा फोन नंबर, रक्तगट, चालू औषधं. खिशात मावेल अशी वही आणि पेन्सिल. दमट हवेत पेन दगा देतं, पेन्सिल देत नाही. शिवाय प्रत्येकाला बसण्यापुरता फोमचा तुकडा, साधारण 30 बाय 40 सेंटिमीटरचा, एक सेंटिमीटर जाड. ओल्या जमिनीवर नुसतं बसलं की दहा मिनिटांत थंडी वाजते आणि मग जे काही ध्यान असेल ते बुडाकडे लागतं.

एका कामासमोर मात्र काय लिहावं ते कुणालाच सुचलं नाही: वाट बघताना हाताला चाळा. ती ओळ तशीच कोरी ठेवली.

नियम ‘फोन नको’ असा न करता ‘स्क्रीन नको’ असा केला. स्मार्टवॉच, टॅब, पुस्तकं वाचायचं यंत्र, मागे पडदा असलेला कॅमेरा, सगळं यात आलं. कॅमेऱ्यावरून वाद होतोच. आमचा अनुभव असा की कॅमेरा असला की माणूस चौकट शोधत फिरतो आणि चौकटीबाहेरचं त्याला दिसत नाही, त्यामुळे निदान पहिल्या वेळी तो नकोच. अपवाद एकच, वैद्यकीय. साखर मोजणारा सेन्सर फोनला जोडलेला असेल, श्रवणयंत्राचं नियंत्रण फोनवर असेल, तर तो फोन सोबत हवा. त्यातली बाकीची ॲप्स आणि सूचना बंद करून ठेवाव्यात. नैराश्याचा किंवा घबराटीच्या झटक्यांचा त्रास असणाऱ्यांनी आधी आपल्या डॉक्टरांशी बोलावं, सुरुवात एका दिवसापासून करावी आणि सोबत ओळखीचं माणूस असू द्यावं. शांतता सगळ्यांना सारखी मानवत नाही.

आणीबाणीसाठी एक फोन पूर्ण चार्ज करून, बंद करून, पाणी न शिरणाऱ्या पिशवीत चिकटपट्टीने बंद करून वाटाड्याकडे दिला. चिकटपट्टी महत्त्वाची. ती फाडली की सगळ्यांना दिसतं. 112 हा क्रमांक बऱ्याच देशांत चालतो, पण जिथे जायचं तिथला क्रमांक आधी खात्री करून कार्डावर लिहावा. रेंज नसेल तिथे फोनचा काही उपयोग नाही, म्हणून गळ्यात शिट्टी. डोंगरी भागात रूढ असलेली खूण अशी: एका मिनिटात सारख्या अंतराने सहा शिट्ट्या, मग एक मिनिट थांबायचं, पुन्हा सहा. ऐकणाऱ्याने मिनिटाला तीन शिट्ट्यांनी उत्तर द्यायचं.

घरी एक चिठ्ठी ठेवावी: कुठे, कुणाबरोबर, कोणत्या वाटेने, परत कधी, आणि किती वाजेपर्यंत निरोप आला नाही तर कुणाला कळवायचं. ही शेवटची वेळ ठरावीक हवी. ‘संध्याकाळपर्यंत’ असं लिहिलं की घरचे दुपारपासून काळजी करतात.

पहिला दिवस

दुपारी पोहोचलो. पाऊस सरत आलेला, ओढा भरलेला, झाडी मिश्र. दगडी भिंतींची एक झोपडी, वीज नाही. अशा मुक्कामाला जागा कोणती हवी, याचं उत्तर प्रसिद्धीशी नाही, चार साध्या गोष्टींशी जोडलेलं आहे. डोक्यावर पक्कं छप्पर हवं. पाणी दहा मिनिटांच्या अंतरात हवं. मोठा रस्ता तासाभराच्या चालीपेक्षा लांब नको, पण त्याचा आवाज ऐकू येता कामा नये. आणि निदान एक वाट सपाट हवी, कारण दम लागलेला माणूस पायाखाली बघतो, आजूबाजूला नाही. धबधबे, टोकं, देखावे असलेली ठिकाणं या कामाला वाईट. तिथे माणसं येतात आणि फोन घेऊन येतात.

फोन सगळ्यांसमोर बंद करून एका पिशवीत घातले, पिशवी पत्र्याच्या पेटीत, किल्ली वाटाड्याकडे. स्वतःच्या सॅकच्या तळाशी ठेवलेला फोन सोडलेला नसतो. रात्री दोन वाजता तो आठवतो.

पहिल्या तासात दिसलेली गोष्ट सगळ्यांमध्ये सारखी होती. हात खिशाकडे जातो. बोलताना मध्ये थोडी जागा पडली की जातो, उठून उभं राहिलं की जातो, काही सुंदर दिसलं की तर जातोच. मांडीवर थरथर जाणवते, फोन नसताना. यात काही बिघडलेलं नाही. शरीर त्या जागेकडून निरोपाची अपेक्षा करायला शिकलेलं असतं, म्हणून कपड्याची हालचाल किंवा स्नायूचं फुरफुरणं त्याला निरोप वाटतं. उपाय म्हणून खिशात एक गुळगुळीत खडा ठेवायला सांगितला होता. काहींना तो उपयोगी पडला, काहींनी तो दुसऱ्या दिवशी ओढ्यात टाकला.

ऊन कलल्यावर पहिली फेरी. डोंगर चालणाऱ्यांचा 1892 सालचा नेस्मिथचा ठोकताळा आहे: तासाला पाच किलोमीटर, आणि दर 600 मीटर चढाला एक तास वाढवायचा. इथे तो विसरायचा. एक किलोमीटरला एक तास, एवढाच वेग. तो साधायची रीत अशी: तीन पावलं, थांबा, जे ऐकू येतं ते शेवटपर्यंत ऐका, मग पुढची तीन पावलं. सुरुवातीची दहा मिनिटं हे हास्यास्पद वाटतं. नंतर वाटेनासं होतं, कारण पायांचा आवाज थांबल्यावर बाकीचे आवाज एकामागून एक वर येतात: आधी ओढा, मग वारा, मग पाचोळ्यात काहीतरी खसखसणं, आणि सगळ्यांत शेवटी स्वतःचा श्वास. जपानच्या वनखात्याने 1982 मध्ये ‘शिनरिन-योकू’ म्हणून जे पुढे आणलं त्याचं मूळ एवढंच आहे: जंगलात हळू जायचं, पाचही इंद्रियं उघडी ठेवायची, कुठेही पोहोचायचं नाही.

यावर लोकांनी बरंच काही चढवलं आहे, त्यातलं काही घातकही. अनवाणी चालणं ऐकायला छान वाटतं. काटे, विंचू, साप असलेल्या रानात ते करू नये. झाडाला मिठी मारण्याआधी खोड नीट बघावं. केसाळ सुरवंट खोडाच्या रंगाचेच असतात आणि त्यांचे केस रुतले की दोन दिवस आग होते. बसायच्या जागी आधी खाली बघायचं, मुंग्यांची रांग आहे का, आणि मग वर, वाळकी फांदी लटकते आहे का. वर बघायला सगळे विसरतात.

परतताना सूर्य किती वर आहे ते बोटांनी मोजलं. हात लांब करून बोटं आडवी धरायची, सूर्य आणि क्षितिज यांच्यामध्ये किती बोटं मावतात ते मोजायचं. एक बोट म्हणजे पंधरा मिनिटं, असं सगळीकडे सांगतात. ते ध्रुवांकडच्या प्रदेशात बऱ्यापैकी जुळतं, कारण तिथे सूर्य तिरपा उतरतो. विषुववृत्ताच्या बाजूला तो जवळजवळ सरळ खाली जातो, तासाला सुमारे चौदा-पंधरा अंश. एक बोट असतं दोन अंशांच्या आसपास, म्हणजे एका बोटाला जेमतेम आठ-नऊ मिनिटं. शिवाय तिथे संधिप्रकाशही लवकर संपतो. पंधरा मिनिटांच्या हिशेबावर विसंबलेला गट अशा ठिकाणी हमखास अंधारात सापडतो.

रात्री झोप नीट लागली नाही, आणि ती लागणार नाही हे आधीच सांगितलेलं बरं. नव्या जागी पहिल्या रात्री मेंदूचा एक अर्धगोल दुसऱ्यापेक्षा हलकी झोप घेतो, जणू पहारा देतो, असं 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात दिसलं आहे. ज्यांना हे माहीत नसतं ते पहाटे ठरवून टाकतात की रान आपल्याला मानवत नाही. एकाच रात्रीचा मुक्काम करून परतणाऱ्यांच्या पदरात नेमकी हीच रात्र पडते. म्हणून कमीत कमी दोन रात्री, जमल्यास तीन.

दुसरा दिवस

उजाडायच्या आधी पक्षी सुरू झाले. त्या वेळी वारा पडलेला असतो आणि आवाज लांब जातो, त्यामुळे पाऊण तास दाट गलका असतो आणि सूर्य वर आला की तो विरळ होत जातो. पक्षी ओळखायच्या भानगडीत न पडता फक्त दिशा मोजायच्या, असं ठरवलं होतं: डोळे मिटून प्रत्येक नव्या आवाजाकडे बोट करायचं. दोन्ही हातांचे पंजे कानांमागे धरून कान पुढे वळवले तर समोरचा आवाज लक्षात येण्याइतका मोठा होतो. हा खेळ मुलांचा वाटतो, पण डोक्यातली बडबड थांबवायला श्वास मोजण्यापेक्षा बऱ्याच जणांना तो सोपा जातो.

आठ-नऊच्या सुमाराला निम्म्या गटाचं डोकं दुखायला लागलं. शरीरातलं विष बाहेर पडतंय, अशी चर्चा लगेच सुरू झाली. वाटाड्याने एकच प्रश्न विचारला, “काल चहा-कॉफी किती झाली?” उत्तर त्यातच होतं. फोनबरोबर चहा-कॉफीही सोडायची हौस काही जणांनी केली होती. कॅफिन अचानक बंद केलं की 12 ते 24 तासांत डोकेदुखी सुरू होते आणि ती एक-दोन दिवस वाढत जाते. दोन सवयी एकदम सोडू नयेत. रोजचा कप चालू ठेवावा. उरलेली डोकेदुखी पाण्याची असते. चालताना तासाला साधारण अर्धा लिटर पाणी लागतं आणि गार सावलीत तहान कळत नाही. ओढ्याचं पाणी खळखळ उकळी फुटल्यावर एक मिनिट, दोन हजार मीटरच्या वर असाल तर तीन मिनिटं उकळायचं.

मग दिवसाचं मुख्य काम: आपापला ठिय्या. प्रत्येकाने झोपडीपासून हाकेच्या अंतरात एक जागा निवडायची, एकमेकांना न दिसणारी, पाठीला आधार असलेली, समोर थोडी मोकळीक असलेली. ओढ्याच्या अगदी काठावर नको, पाण्याच्या आवाजात बाकीचं काही ऐकू येत नाही. तिथे दिवसातून दोनदा, प्रत्येक वेळी चाळीस मिनिटं बसायचं. बोलणं नाही, वाचन नाही, लिहिणंही नंतर.

चाळीस मिनिटांचं कारण आहे. माणूस येऊन बसला की आजूबाजूचे पक्षी गप्प होतात किंवा धोक्याचे आवाज काढतात. ते निवळायला साधारण पंधरा ते वीस मिनिटं जातात. वीस मिनिटांत उठणारा दर वेळी स्वतःमुळे घाबरलेलं रानच बघून येतो. दुसरं कारण माणसाच्या बाजूचं. 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात शहरातल्या लोकांना आठ आठवडे, आठवड्यातून निदान तीनदा निसर्गात बसायला किंवा फिरायला सांगून त्यांच्या लाळेतलं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाचं संप्रेरक, मोजलं होतं. वेळेच्या मानाने सर्वांत जास्त घट 20 ते 30 मिनिटांच्या बैठकीत दिसली. त्यापुढेही ते उतरत राहिलं, पण सावकाश. त्या लोकांना घातलेल्या अटी लक्षात ठेवण्यासारख्या आहेत: दिवसाउजेडी जायचं, व्यायाम करायचा नाही, फोन, इंटरनेट, गप्पा आणि वाचन टाळायचं.

पहिल्या बैठकीत काय होतं? कंटाळा येतो. भरघोस, जड कंटाळा. साधारण सातव्या-आठव्या मिनिटाला उठावंसं वाटतं. डोक्यात कामांच्या याद्या होतात, दिसलेल्या गोष्टीवर टाकायच्या ओळी तयार होतात. इथेच बहुतेक लोक चूक करतात: आपलं लक्ष लागत नाही म्हणून ते लक्ष लावायचा जोर करतात. रेचल आणि स्टीफन कॅप्लन यांनी 1989 मध्ये मांडलेला सिद्धांत नेमका उलटं सांगतो. दिवसभर आपण जे लक्ष ओढून-ताणून कामाला लावतो ते थकतं. हलणारी पानं, ढग, वाहतं पाणी या गोष्टी लक्ष हलकेच धरतात, ओढत नाहीत, आणि तेवढ्या वेळात थकलेलं लक्ष विसावतं. म्हणजे समोरच्या पानावर डोळे रोखून बसणं हेही कामच झालं. नजर सैल सोडायची. दोन्ही हात बाजूला पसरून बोटं हलवायची, नजर समोर ठेवून दोन्हीकडची बोटं एकदम दिसतील इतपत ती रुंद करायची, मग हात खाली. अशी नजर झाली की हालचाल आपोआप टिपली जाते, आणि रानात बघण्यासारखं जे असतं ते बहुतेक हालचालीतच असतं.

संध्याकाळच्या दुसऱ्या बैठकीहून लोक परतले ते वेगळ्या गोष्टी सांगत. कोळ्याने जाळ्याचा एक धागा खाऊन पुन्हा ताणला. एका खोडावरच्या मुंग्या वर जाताना रिकाम्या होत्या, खाली येताना पोट फुगलेलं. एक कवडसा बुटापासून गुडघ्यापर्यंत यायला किती वेळ लागला. दुपारपर्यंत ‘काहीच झालं नाही’ म्हणणारी हीच माणसं होती, आणि जागाही त्याच.

दुसऱ्या दिवशी बिघडणारी आणखी एक गोष्ट म्हणजे गप्पा. फोनची जागा बोलणं घेतं. ऑफिस, राजकारण, सिनेमे, सकाळपासून अखंड. गप्पांना मनाई करायची गरज नाही, पण दोन वेळा ठरवून घ्याव्यात: उजाडल्यापासून नाश्त्यापर्यंत आणि दुपारचं जेवण, दोन्ही न बोलता. न बोलता जेवताना वाढण्याच्या खुणा लागतात, त्या आधी ठरवाव्यात, नाहीतर हसण्यातच जेवण जातं. आमचं पहिलं मूक जेवण असंच गेलं. कार्यक्रम गच्च भरू नये, हेही इथेच सांगतो. योग, ध्यान, चित्रकला, चर्चासत्र असा तासागणिक आराखडा घेऊन येणारे गट दमून परततात. दुपारी दोन ते चार मोकळे ठेवले होते. बहुतेक जण झोपले.

शौचाची बाबही उघड बोलून टाकावी. ओढ्यापासून, वाटेपासून आणि मुक्कामापासून साठ-सत्तर मीटर लांब, 15 ते 20 सेंटिमीटर खोल खड्डा, नंतर माती टाकून बुजवणं. कागद पिशवीत घालून परत न्यायचा. खुरपं एकच असेल तर ते कुठे ठेवायचं ते पहिल्या दिवशीच ठरवा. रात्री ते शोधत फिरण्यासारखी फजिती नाही.

तिसरा दिवस

सकाळ लख्ख होती. अकरानंतर हवा जड झाली, पाखरं गप्प झाली, आणि दीडच्या सुमाराला पहिला गडगडाट. फोनवरचा हवामानाचा अंदाज नसला की आकाशाकडे बघणं भाग पडतं, आणि ते जमतं. फुलकोबीसारखे उभे वाढणारे ढग दुपारच्या आत दिसले तर लांबची फेरी रद्द करायची. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंतचे सेकंद मोजायचे, तीनने भागायचे, उत्तर किलोमीटरमध्ये. तीस सेकंदांच्या आत गडगडाट आला, म्हणजे वीज दहा किलोमीटरच्या आत आहे, की पक्क्या इमारतीत किंवा बंद मोटारीत जायचं, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडायचं नाही. इमारत गाठता येत नसेल तर एकट्या उंच झाडाखाली नाही, माळावर नाही, पाण्यात नाही. सारख्या उंचीच्या बुटक्या झाडीत, एकमेकांपासून अंतर ठेवून, पाय जवळ घेऊन उकिडवं बसायचं. आडवं पडायचं नाही. जमिनीतून जाणारा प्रवाह अंगाच्या दोन टोकांना गाठतो.

सगळे वेळेत आत आले. विजा सरून अर्धा तास उलटला तरी पाऊस राहिला, तिन्हीसांजेपर्यंत. दारं-खिडक्या उघडून लोक बसले आणि बाहेर बघत राहिले. बाहेर फेरी झाली नाही म्हणून दिवस वाया गेला, असं वाटण्याचं कारण नाही. रॉजर उलरिच यांनी 1984 मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या एका रुग्णालयाच्या जुन्या नोंदी तपासल्या. पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी 23 जणांच्या खिडकीतून झाडं दिसत होती, त्यांच्याशी वय-प्रकृतीने जुळणाऱ्या 23 जणांच्या खिडकीसमोर विटांची भिंत होती. झाडं दिसणारे थोडे लवकर घरी गेले, सरासरी 7.96 दिवसांत, भिंतवाले 8.70 दिवसांत, आणि त्यांना तीव्र वेदनाशामकंही कमी लागली. खिडकी चालते.

पाऊस थांबल्यावर तो ओळखीचा वास आला. त्यातला मातीचा भाग जिओस्मिन नावाच्या द्रव्याचा, ते जमिनीतले सूक्ष्मजीव तयार करतात आणि माणसाचं नाक ते अत्यल्प मात्रेतही पकडतं. ओल्या वाटेवर सकाळचे सगळ्यांचे ठसे पुसले गेले होते, त्यामुळे नवे ठसे वाचायला ही उत्तम वेळ. ठसा वरून बघू नये. टॉर्च जमिनीलगत आडवा धरला की सावल्या पडतात आणि कडा उठून दिसतात.

पावसानंतर वाट चुकायची शक्यताही वाढते, कारण पाण्याने नव्या खोट्या वाटा कोरलेल्या असतात. चुकलो असं वाटलं की पहिलं काम थांबणं. बसायचं, पाणी प्यायचं, पाच मिनिटं जायचं नाही कुठेच. मग शेवटची खात्रीची खूण आठवायची आणि ती नक्की मागे असेल तरच त्याच पावलांनी मागे यायचं. ती आठवत नसेल तर जागा सोडायची नाही, शिट्टी. गुगल नकाशावरच्या निळ्या ठिपक्याची सवय झालेल्यांना आपण कुठे आहोत हे स्वतःला विचारायची सवय उरलेली नसते. म्हणून दर वळणावर मागे वळून वाट परतीच्या बाजूने कशी दिसते ते बघून ठेवायचं.

रात्री आभाळ धुऊन निघालं होतं. अंधाराला डोळे सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात आणि पांढऱ्या टॉर्चचा एक झोत सगळं पुन्हा शून्यावर आणतो, म्हणून लाल दिवा. पुसट तारा बघायचा तर त्याच्यावर थेट न बघता किंचित बाजूला बघावं. अंधारात काम करणाऱ्या पेशी डोळ्याच्या पडद्याच्या नेमक्या मध्यावर नसतात, भोवती असतात. गटातल्या एका कॉलेजच्या मुलीने हे करून पाहिलं, तारा दिसला, सरळ बघितल्यावर गेला, पुन्हा बाजूला बघितल्यावर आला. तिने हे निदान वीसदा केलं.

नऊच्या आत सगळे झोपले, कुणी न सांगता. केनेथ राइट यांच्या 2013 च्या प्रयोगात कोलोरॅडोच्या डोंगरात आठवडाभर फक्त सूर्य आणि शेकोटीच्या उजेडात राहिलेल्या आठ जणांचं शरीराचं घड्याळ सुमारे दोन तास अलीकडे सरकलं होतं, झोपेचं संप्रेरक सूर्यास्ताच्या सुमाराला स्रवायला लागलं होतं. त्या मंडळींना टॉर्चचीही मनाई होती. पुढच्या एका प्रयोगात दोन दिवसांच्या मुक्कामातही बराचसा बदल दिसला. यात मोठा वाटा दिवसभर मिळालेल्या भरपूर उजेडाचा आहे, फक्त रात्रीच्या अंधाराचा नाही. म्हणून दिवसा झोपडीत लोळत राहिलेल्यांना हा फायदा कमी मिळतो.

चौथा दिवस

सकाळची एक बैठक, आवराआवर, परत. या दिवशी सांगण्यासारखं फार नाही, एक पेटी उघडण्याचा भाग सोडला तर.

किल्ली लागली की तीन दिवसांचं सगळं एकदम अंगावर येतं. त्यासाठी क्रम ठरवलेला बरा. फोन चालू करण्याआधी कागदावर लिहावं: मला आज कुणाला काय कळवायचं आहे. मग फोन चालू करून इंटरनेट बंदच ठेवायचं, घरी एक फोन, पोहोचल्याचं सांगायचं. घरच्या चिठ्ठीतली ती ठरावीक वेळ इथे पाळली जाते. बाकीचं इंटरनेट घरी गेल्यावर. प्रवासात गाडी चालवणाऱ्याचा फोन तर शेवटपर्यंत पेटीतच राहावा, कारण तीन दिवसांच्या सूचना वाजत असताना रस्त्यावर नजर राहत नाही. आणि निघण्याआधी एकदा गुडघ्यामागे, काखेत, कानामागे गोचीड चिकटली आहे का ते बघावं. सापडली तर चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढावी, पिळू नये, तेल किंवा काडीपेटीचे उपाय करू नयेत.

अशा मुक्कामाने सर्जनशीलता अर्ध्याने वाढते, असं वाचायला मिळतं. त्यामागे 2012 चा एक अभ्यास आहे: 56 जण, काही दिवस उपकरणांविना रानात पदभ्रमण, शब्दकोड्यांसारख्या एका चाचणीत चौथ्या दिवशी तपासलेल्यांचे गुण निघण्यापूर्वी तपासलेल्यांपेक्षा सुमारे निम्म्याने जास्त. पण फरक रानाचा, की फोन नसण्याचा, की दोन्हींचा, ते त्यातून वेगळं काढता येत नाही, आणि घरी परतल्यावर ते किती टिकतं हे त्यात तपासलेलं नव्हतं. त्यामुळे मोठ्या सहलीच्या भरवशावर वर्ष काढू नये. इंग्लंडमधल्या सुमारे वीस हजार लोकांच्या माहितीवरून 2019 मध्ये आलेला आकडा जास्त कामाचा वाटतो: आठवड्याला एकूण 120 मिनिटं किंवा अधिक वेळ निसर्गात घालवणाऱ्यांनी आपली तब्येत आणि समाधान चांगलं असल्याचं जास्त प्रमाणात सांगितलं. वेळ एकदम घालवला की तुकड्या-तुकड्यांनी, याने फरक पडला नाही. कारण आणि परिणाम यातून सिद्ध होत नाही. निरोगी माणसं मुळातच जास्त बाहेर पडतात, हेही खरं असू शकतं. तरी हिशेब सोपा आहे: चाळीस मिनिटांच्या तीन बैठका. घरापासून चालत दहा मिनिटांच्या आत जागा शोधावी, एक मोठं झाड आणि एक बाक पुरे. लांबची जागा दुसऱ्या आठवड्यातच सुटते. वार आणि वेळ पक्की ठरवावी, जागा बदलू नये, आणि फोमचा तो तुकडा दाराशीच टांगून ठेवावा.